देशातली येऊ घातलेली कुठली कला-प्रदर्शनं मुद्दाम प्रवास करून बघावीत?

तुम्ही लिहिलंय की वर्षातून एखाद-दुसरीच ट्रिप जमते, कला शिकलेले नाही पण बघायला आवडतं, आणि यादी करायला बसलं की सगळीच नावं मोठी वाटतात. मी बरीच वर्षं सुट्ट्या प्रदर्शनांच्या तारखा बघूनच टाकतो, त्यामुळे थेट सांगतो. ठरवताना एवढंच बघा की हे प्रदर्शन संपल्यावर ही चित्रं मला परत कुठे बघायला मिळणारेत का. भिंतीवर कायम लावलेली चित्रं पुढच्या वर्षीही तिथेच असतात, जी तीन-चार महिन्यांनी पेटीत जाणारेत त्यांच्यासाठी रेल्वेचं तिकीट काढा.

हे सगळ्यात जास्त लागू होतं लघुचित्रांना. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून ती साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) इतक्याच मंद उजेडात लावतात (तैलचित्रांना त्याच्या तीन-चार पट चालतो) आणि काही महिन्यांनी उतरवून परत अंधारात ठेवून देतात, कधीकधी वर्षानुवर्षं. म्हणजे संग्रहालयाकडे खजिना असतो पण आपण एरवी गेलो तर त्यातला थोडासाच दिसतो. म्हणून पहाडी, मुघल, दख्खनी, राजस्थानी, कुठल्याही शैलीचं प्रदर्शन लागतंय असं कळलं की मी बाकीचे बेत मागे टाकतो. बसोहलीची चित्रं बघा, जम्मूकडची, सतराव्या शतकाच्या शेवटापासूनची. त्यात दागिन्यांमधले पाचू दाखवायला भुंग्याच्या पंखांवरच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटवलेत. समोरून सरळ बघितलं तर तो नुसता काळपट हिरवा ठिपका वाटतो, आणि डोकं जरा डावी-उजवीकडे हलवलं की एकदम चमकतो, आणि नायिकेच्या गळ्यातले मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचे खरेखुरे उंचवटे आहेत, बाजूने वाकून बघितलं तर त्यांची छोटीशी सावली पडलेली दिसते. फोनवर कितीही झूम करा, हे येत नाही, कारण तिथे तुमचं डोकं हललं तरी चित्रावरचा उजेड हलत नाही. चित्र असतं वहीच्या पानाएवढं, त्यामुळे दोन माणसं पुढे उभी असली की संपलं, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि मंद उजेडाची डोळ्यांना सवय व्हायला पाच-दहा मिनिटं द्या. दिल्लीचं नॅशनल म्युझियम, जम्मूचं डोगरा आर्ट म्युझियम, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या तिघांच्या घोषणांवर लक्ष ठेवा.

मुंबईच्या या वस्तुसंग्रहालयाचं आणखी एक कारण आहे. बाहेरच्या देशांतून उसन्या आणलेल्या वस्तूंची मोठी प्रदर्शनं तिथे होतात. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमसोबत केलेलं भारत आणि जग यावरचं होतं, मग डिसेंबर २०२३ पासून इजिप्त, असीरिया, ग्रीस, रोम इथली शिल्पं आपल्या शिल्पांच्या शेजारी मांडली होती. एरवी हे बघायला लंडन-बर्लिन करावं लागलं असतं. असं काही पुन्हा जाहीर झालं तर पहिल्या महिन्यातच जा, शेवटच्या आठवड्यात सगळी मुंबई येते.

आता समकालीन. इथे माझं उत्तर ठाम आहे, केरळातलं कोची-मुझिरिस बिनाले (बिनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कला-प्रदर्शन). १२-१२-२०१२ ला बोस कृष्णमाचारी आणि रियाझ कोमू या दोन चित्रकारांनी सुरू केलं, साधारण दर दोन वर्षांनी डिसेंबर ते मार्च असतं, कोविडमुळे मध्ये चक्र थोडं सरकलं. सहावं १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६, निखिल चोप्रा क्युरेटर, म्हणजे कामं निवडून मांडणारे, त्या हिशोबाने पुढचं डिसेंबर २०२७ ला येतं. फोर्ट कोची आणि मट्टनचेरीतली जुनी गोदामं, मसाल्याच्या वखारी, अ‍ॅस्पिनवॉल हाउससारखे समुद्राला लागून असलेले वाडे, यातच कलाकृती मांडतात, त्यामुळे जागा आणि काम वेगळं काढताच येत नाही. २०१६ ला चिलीचे कवी राऊल सुरीता यांनी एक अख्खं गोदाम समुद्राच्या पाण्याने भरलं होतं. चपला काढायच्या, पाण्यातून चालत पलीकडे जायचं आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरचे प्रश्न वाचत जायचं, समुद्रात बुडून गेलेल्या एका सीरियन निर्वासित मुलासाठी लिहिलेले. कला समजत नाही म्हणणारी माणसं मी तिथून गप्प होऊन बाहेर येताना पाहिली आहेत. तुम्ही कला शिकलेले नाही असं लिहिलंय ना, तर तुमच्यासाठी खरं तर हीच जागा सगळ्यात योग्य. फक्त उद्घाटनाच्या आठवड्याचं बुकिंग करू नका. २०२२ ला सुरुवातच १२ वरून २३ डिसेंबरवर गेली होती आणि एरवीही पहिल्या दिवसांत काही कामं मांडून व्हायची असतात. जानेवारीचा मध्य उत्तम, तीन दिवस ठेवा, आणि विद्यार्थ्यांचं वेगळं बिनाले असतं ते चुकवू नका, तिथे अजून नाव न झालेली पोरं काय विचार करतायत ते दिसतं.

गोव्यात पणजीला दर डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, कोचीला डिसेंबरातच जात असाल तर जोडून घेता येतो, पण नाटक-संगीत सगळंच एकत्र असल्याने चित्रं निवांत बघणं होत नाही.

दिल्लीसाठी एकच वेळ सांगतो, इंडिया आर्ट फेअरचा आठवडा, म्हणजे साधारण फेब्रुवारीची सुरुवात. खुद्द फेअर म्हणजे बाजार, गर्दी भयंकर. पण त्याच आठवड्यात शहरातल्या गॅलऱ्या आणि संग्रहालयं आपलं वर्षातलं सगळ्यात चांगलं प्रदर्शन उघडतात. साकेतचं किरण नाडर म्युझियम पहिलं बघा, २०१० साली सुरू झालं, प्रवेश फुकट, एकेका चित्रकाराचं आयुष्यभराचं काम एकत्र मांडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. चित्रकार नसरीन मोहम्मदी यांचं २०१३ चं प्रदर्शन तिथलंच, पुढे माद्रिद आणि न्यूयॉर्कला त्यांची मोठी प्रदर्शनं झाली. आणि दिल्लीत आहातच तर जयपूर हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, अमृता शेरगिल यांची चित्रं बघून घ्या. १९७२ च्या कायद्याखाली त्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा आहेत, विकून परदेशी पाठवता येत नाहीत, राजा रविवर्मा आणि रवींद्रनाथांचीही तसंच. पण हे कायमचं आहे, नियम लक्षात आहे ना, आधी तात्पुरतं.

यापुढे काय येणार याचा अंदाज बांधायला चित्रकारांच्या जन्मशताब्दी बघायच्या. गायतोंडे, सूझा, के. जी. सुब्रमण्यन १९२४ चे, तय्यब मेहता आणि कृष्ण खन्ना १९२५ चे, त्यामुळे गेल्या काही वर्षांत या पिढीवर भरपूर झालं. आता २०२८ कडे डोळे लावा. अकबर पदमसी आणि जगदीश स्वामीनाथन दोघंही १९२८ चे. स्वामीनाथन यांच्यासाठी मी आत्तापासून भोपाळ म्हणेन, कारण १९८२ ला उघडलेल्या भारत भवनातलं रूपंकर संग्रहालय त्यांनीच उभं केलं. शिकलेल्या चित्रकारांची आणि आदिवासी चित्रकारांची चित्रं त्यांनी बरोबरीच्या मानाने मांडली, कोणाला खालच्या मजल्यावर ढकललं नाही, जनगडसिंग श्याम हा गोंड चित्रकार तिथूनच जगापुढे आला. शताब्दी असो नसो, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तलावाच्या काठावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवलेली ती इमारत बघायलाही जा.

पाटण्याला बिहार म्युझियमचं स्वतःचं बिनाले २०२१ पासून सुरू झालंय, लोक अजून फारसे जात नाहीत पण जावं असं आहे, आणि दीदारगंजची यक्षी हे प्राचीन दगडी शिल्प तिथे कायम आहे. इतका गुळगुळीत दगड की बोट लावायचा मोह होतो, लावू नका.

निघण्याआधी मात्र फोन करा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, मुंबईचं भाऊ दाजी लाड बुधवारी, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी. आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये भिंती रंगवायला अख्खा मजला बंद ठेवतात, ते वेबसाइटवर बऱ्याचदा टाकतच नाहीत, तेव्हा 'चालू आहे का' एवढं विचारून थांबू नका, कुठली दालनं उघडी आहेत आणि शेवटची तारीख कुठली हे नीट विचारून मगच तिकीट काढा.