ताण सरला, मग केस आता का गळतात?

प्रश्न : मार्चमध्ये मुलीची बारावी आणि सासूबाईंचं आजारपण एकदमच आलं. आता सगळं निवळलंय, तर जूनपासून विंचरताना पुंजके हाती येतात. – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, हिशेब मार्चचाच आहे. तीव्र ताणाने वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच. मूळ शाबूत असतं, त्यामुळे बहुधा सहा महिन्यांत गळती थांबते. केस मात्र महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतात. तेल बदलत बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा. बायोटिनची (केसांसाठी घेतात त्या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाची) गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. डोक्यावर टकलाची गोल चकती पडली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा.