नाईलकाठची पऱ्हाटी

प्रश्न : इजिप्तमध्ये पाऊस नाही, तरी तिथल्या कापसाचं जगात नाव आहे. हे कसं? आणि ते बियाणं आमच्या वावरात चालेल का?
— एक कास्तकार, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पाऊस नाही हेच तिथल्या कापसाच्या पथ्यावर पडलं आहे. कैरोत वर्षाकाठी जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोंडं फुटतात तेव्हा आभाळ निरभ्र असतं. आपल्याकडे नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येतो आणि फुटलेल्या बोंडातला कापूस खराब होऊन त्याची कवडी होते. शिवाय जात वेगळी. सरकीवरची रुई चिमटीत धरून ओढा. आपला धागा २८-३० मिलिमीटर भरेल, तिथल्या नामवंत गिझा वाणांचा ३५च्या आसपास.

पाण्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. नाईलला पूर यायचा उन्हाळा सरताना, आणि कपाशीला पाणी लागतं ऐन उन्हाळ्यात, नदी खाली गेलेली असताना. पूर्वी लोक पुराचं पाणी बांध घालून शेतात मुरवत आणि ते ओसरलं की गहू, जव पेरत. १८२०च्या सुमारास जुमेल नावाच्या फ्रेंच माणसाला कैरोच्या एका बागेत लांब धाग्याची पऱ्हाटी दिसली. राज्यकर्ता मुहम्मद अलीने ती नाईलच्या मुखाकडच्या सगळ्या प्रदेशात लावायला लावली. तिच्यासाठी खोल कालवे खणवले, तेही वेठीला धरून. त्याच्या थोडं आधी, अलेक्झांड्रिया शहर नाईलला जोडायला त्यानेच खणवलेल्या एकट्या महमूदिया कालव्यावर हजारो माणसं मेली होती. कापूस सरकारलाच द्यायचा, भावही सरकारच ठरवणार! त्या मऊ कापडाची तारीफ ऐकली की मला आधी ते कास्तकार आठवतात.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस थांबला, तशी इंग्लंडच्या गिरण्यांनी इजिप्तकडे आणि आपल्या वऱ्हाडाकडे धाव घेतली. इजिप्तची निर्यात सुमारे चौपट झाली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यात तेव्हाचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने भरमसाट कर्ज काढलेलं. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटनला विकावे लागले आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजाच उतरल्या.

आता बियाण्याचं. त्या जातीला लांब हंगाम आणि हुकमी ओलित लागतं. आपल्या देशात तिच्याच वंशातला ‘सुविन’ तामिळनाडूत होतो. इजिप्तच्या ‘कर्नाक’मधून निवडलेला ‘सुजाता’ हा त्याचा एक पालक. तुमच्या कोरडवाहू वावरात मात्र एक ओळही लावू नका. विहिरीला मे महिन्यातही पाणी टिकत असेल, तरी आधी कृषी विद्यापीठाच्या कापूस विभागात जाऊन विचारा आणि मगच दोन-चार ओळी लावून पाहा.