आइस हॉकी बघायला लागलास? आधी निळी रेघ बघ

भावा, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल बघून तयार झालेली नजर इथंही कामाला येते, फक्त ऑफसाइड नव्यानं शिक. शेवटचा बचावपटू नाही, बर्फावरची समोरच्यांच्या बाजूची निळी रेघ बघायची: पकच्या आधी हल्ला करणारा गडी ती ओलांडून आत गेला, की ऑफसाइड. पक म्हणजे कडक रबराची चकती, 3 इंच रुंद, 1 इंच जाड. फार उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवतात. माझ्याकडं एक आहे, हातात घे म्हणजे वजन कळेल.

‘पॉवर प्ले’ क्रिकेटचा समजू नकोस. समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर बसतो, बहुतेकदा 2 मिनिटं, तोवर आपला एक जास्त. त्या 2 मिनिटांत आपण गोल मारला तर तो लगेच परत येतो. ‘आयसिंग’ चार मॅच बघितल्यावर सांगतो.