वाचकांचे प्रश्न : विज्ञान दिनाचे प्रयोग आणि शाळेचा हातपंप

प्रश्न : नागपुरातील एका महाविद्यालयात मी बी. एस्सी.च्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त आमचे विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांत रंगबदलाचे प्रयोग दाखवतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसहभागाच्या उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्याने हाच कार्यक्रम त्यात धरावा काय, याबद्दल विभागात मतभेद आहेत. तासिका आधीच अपुऱ्या पडतात. काय करावे?

उत्तर : तसा तो धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोग दाखवणे चांगलेच. परंतु सेवेतून शिक्षण म्हणायचे तर शाळेला खरोखर हवे असलेले काम अभ्यासक्रमाच्या आधाराने करावे लागते आणि त्यावर विद्यार्थ्याने नंतर विचार करून लिहावे लागते. म्हणून आधी मुख्याध्यापकांना गरज विचारावी, प्रयोगांची यादी नंतर करावी.

ती गरज पाण्याची असू शकते. विदर्भातील अनेक गावे भूजलावर अवलंबून आहेत आणि चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर जिल्ह्यांच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ते मोजण्यासाठी तपासणी संच मिळतात. दुष्फेनता, म्हणजे साबणाचा फेस नीट होऊ न देणारा पाण्याचा जडपणा, मोजण्याचे ईडीटीए अनुमापन (ईडीटीए हे रसायन थेंबाथेंबाने घालून केलेले मोजमाप) तर आपले विद्यार्थी करतातच. फक्त नमुना शाळेच्या हातपंपाचा घ्यावा. हे अनुमापन मात्र महाविद्यालयातच करावे, कारण त्याच्या बफर (आम्ल-अल्कता स्थिर राखणाऱ्या) द्रावणात अमोनिया असतो. शाळेतील मुलांनी साबणाचा फेस किती होतो ते पाहिले तरी पुरे.

पाणी उकळल्याने तात्पुरती दुष्फेनता जाते, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ही गोष्ट सातवीतल्या मुलीला पटेल अशी सांगायला गेले की पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतःला ती कितपत समजली आहे, ते उघड होते. (प्राध्यापकांचेही होते, पण ते असो.) तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केली आहे, अवक्षेपण (विरघळलेला पदार्थ साका होऊन खाली बसणे) शिकवायला इतके जवळचे उदाहरण हाताशी असताना ते वर्गाबाहेर का ठेवावे?

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. संचावर आकडा जास्त दिसला म्हणून शाळेत लगेच ‘पाणी विषारी आहे’ असे जाहीर करू नये. नमुन्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फेरतपासणी करून निष्कर्ष मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांना लेखी कळवावा आणि तो समजावून सांगण्यासाठी विद्यार्थ्यांनी पुन्हा शाळेत जावे. गुण देताना किती शाळांना भेटी दिल्या याला महत्त्व देऊ नये. मुलांनी विचारलेल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता आले नाही आणि ते पुढे कसे शोधले, हे विद्यार्थ्याच्या टिपणात वाचावे.

राहिला तासिकांचा प्रश्न. अनुमापन अभ्यासक्रमात आहेच, केवळ नमुना बदलतो. त्यामुळे जादा वेळ फक्त शाळेच्या भेटींसाठी काढावा लागेल.