लिनक्सवर ब्लूटूथ जोडलं जात नसेल तर

हेडफोनला दोष देण्याआधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) चालवा, कोणता वायरलेस भाग बंद आहे ते ती कमांड दाखवते. ब्लूटूथखाली ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’, म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं, दिसलं तर ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ने काम होतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा बायोसची सेटिंग तपासा, तिथे कमांडचं काही चालत नाही. यादीत ब्लूटूथच नसेल तर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत, म्हणजे ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडमध्ये, फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लोड न झाल्याची ओळ शोधा. हव्या असलेल्या फाइलचं नाव बहुधा तिथेच असतं. फर्मवेअरचं पॅकेज टाकल्यावर मशीन पूर्ण बंद करून चालू करा. नुसत्या रीस्टार्टने चिपचा वीजपुरवठा तुटेलच असं नाही.

खरा गोंधळ जोडणीत होतो. सेटिंगची खिडकी नुसतं ‘अयशस्वी’ म्हणून मोकळी होते, म्हणून टर्मिनलमधलं ‘ब्लूटूथसीटीएल’ (bluetoothctl) वापरा. जुनी नोंद ‘रिमूव्ह’ने काढा, उपकरणातूनही पुसा. मग ‘स्कॅन ऑन’, आणि उपकरणाचा पत्ता दिसला की ‘पेअर’, ‘ट्रस्ट’, ‘कनेक्ट’, याच क्रमाने. ‘ट्रस्ट’ राहिलं तर आज आवाज येईल, पण उद्या हेडफोन आपणहून जोडला जाईलच असं नाही. त्याच मशीनवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही असेल तर तिथे पेअर केल्यावर इथली किल्ली (पेअर करताना साठवलेला गुप्त कोड) निकामी होते, कारण उपकरणाच्या लेखी दोन्हींचा पत्ता एकच.

कॉल सुरू होताच गाणं टेलिफोनसारखं ऐकू येतं? बिघाड नाही, माइक चालू झाल्याने प्रोफाइल, म्हणजे ब्लूटूथची आवाज पाठवण्याची पद्धत, बदललं. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ए२डीपी’ हे गाणी ऐकण्याचं प्रोफाइल निवडा. आणि ब्लूटूथचा यूएसबी डोंगल यूएसबी ३.० पोर्टच्या शेजारी नको, त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये येतो. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून तो लांब न्या.