एका घासानं काय होतं?

"ताई, माझा धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, वजन वाढेना. शेवटी सिलिॲक निघालं, गव्हानं आतडं बिघडतं तो आजार. दहा महिने झाले गहू बंद आहे. तरी परवा रक्ताचा रिपोर्ट वाढलेलाच आला. घरी येऊन त्याची गादी उचलली तर खाली बिस्किटांचे रिकामे पुडे. मी त्याला मारलं. रडत म्हणाला, आजीपण पोळी देते. सासूबाई म्हणतात, 'एका घासानं काय होतं? आमच्या काळी नव्हती असली थेरं.' नवरा म्हणतो, तुम्ही दोघींनी काय ते बघा. आता घरातला गहूच बंद करावा असं वाटतंय. मोठी मुलगी बारा वर्षांची, तिला काही त्रास नाही. पुढच्या महिन्यात शाळेची मुक्कामी सहल आहे, त्याला पाठवायची हिंमत होत नाही. काय करू?"
– एक आई, सोलापूर जिल्हा

आधी मोठ्या लेकीचं बोलते, कारण ते घाईचं आहे. घरातला गहू बंद करण्याआधी तिची, तुमची आणि तिच्या बाबांची टीटीजीची, म्हणजे सिलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या अँटिबॉडीची, रक्ततपासणी करून घ्या. सोबत एकूण आयजीए, हा अँटिबॉडींचाच एक प्रकार, तोही बघायला डॉक्टरांना सांगा; तो मुळात कमी असेल तर टीटीजीचा आकडा फसवतो. सिलिॲक घराण्यात उतरतो. पेशंटची सख्खी भावंडं आणि आईवडील यांच्यात साधारण दहांत एकाला तो सापडतो, आणि त्यातल्या कितीतरी जणांना काहीच जाणवत नसतं. पण माणूस रोज गहू खात असेल तरच या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. गहू सोडला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून लेकीचं रक्त देईपर्यंत तिची पोळी चालू ठेवा.

धाकट्याचा रिपोर्टही नुसता 'वाढलेला' म्हणून बाजूला ठेवू नका. पहिला आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा. पथ्य अगदी काटेकोर असलं तरी तो आकडा पूर्ण उतरायला काही मुलांना वर्षापेक्षा जास्त लागतं. उतरत असेल तर तुमचे दहा महिने वाया गेलेले नाहीत.

आता मारल्याचं. त्याला जवळ घ्या आणि 'माझं चुकलं' असं स्वच्छ शब्दांत सांगा. आठ वर्षांच्या पोरानं वर्गात सगळ्यांच्या हातात दिसणारं बिस्कीट खाल्लं, यात चोरीसारखं काही नाही. पुडे गादीखाली गेले ते तुमच्या भीतीनं, आणि ही भीती फार महाग पडते. तो लपवायला लागला की तुम्हाला काहीच कळणार नाही. पुढे चौदा-पंधरा वर्षांचा झाल्यावर तर नाहीच नाही. त्याला म्हणा, "खाल्लंस तर मला सांग, मी ओरडणार नाही." आणि सांगितल्यावर खरंच ओरडू नका, पहिल्या वेळी जीभ चावावी लागली तरी. त्याच्याशी आजाराबद्दल नीट बोला. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, जेवणातलं सत्त्व तीच शोषून घेते, आणि गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे त्याचं शरीर स्वतःच ती लव झिजवतं, एवढं त्याला समजतं. पोळी खाल्ल्यावर लगेच पोट दुखेलच असं नाही, हेही सांगा. नाहीतर एकदा खाऊन काही झालं नाही की तो तुम्हालाच खोटं ठरवेल.

सासूबाईंची गोम नेमकी इथेच आहे. घास दिला, नातू हसला, रात्री शांत झोपला. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर त्या बोलताहेत. तेव्हा त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला हवं. मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. तिचे दहा-बारा घास धरले तर एका घासात २०० मिलिग्रॅमच्या वर जातं. सिलिॲकच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमसुद्धा आतड्याला इजा करायला पुरतं. म्हणजे तो एक घास त्याच्यासाठी पुष्कळ झाला.

'आमच्या काळी' होतंच हे. लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन १८८८ मध्ये केलं, पण कारण कुणालाच कळत नव्हतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धात, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावर आधीपासून संशय होता, तो तिथे पक्का झाला. आपल्याकडेही 'खाल्लेलं अंगी लागत नाही' असं म्हणत किती पोरं रोडावली असतील! त्यातच तुमच्या भागात रोजची भाकरी ज्वारीची, पोळी सणासुदीला. सासूबाईंच्या लहानपणी ज्यांना हा आजार असेल, त्यांना भाकरीनंच बरंचसं सांभाळून घेतलं असेल.

हे सगळं त्यांना तुम्ही सांगू नका. त्यांच्या मुलानं सांगायचं. 'तुम्ही दोघींनी बघा' हे मला अजिबात पटलेलं नाही. पोर त्याचंही आहे आणि आई त्याची आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यानं आईला सोबत न्यावं आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांनीच त्यांना समजावून द्यावेत. सुनेच्या तोंडून आलं की ते पथ्य राहत नाही, भांडण होतं.

घरातला गहू कायमचा हद्दपार करायलाच हवा असं नाही. पण रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच ठेवा: भाकरी, भात, पिठलं, थालीपीठ. भाजणी मात्र गहू न घालता, वेगळी करायची. एकट्याच्या ताटात भाकरी आणि बाकीच्यांच्या ताटात गरम पोळी, असं रोज दिसलं की त्याला ती शिक्षाच वाटणार. पोळ्या सकाळी, त्याही वेगळ्या पोळपाट-लाटण्यावर, वेगळ्या तव्यावर. कणीक भिजवताना उडालेलं पीठ ओट्यावर बसतं, तो पुसून मगच त्याचं काही करायला घ्या.

दोन गोष्टी मात्र अगदी घरात असून निसटतात. एक हिंग. उद्या डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. खाण्याचा डिंक आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा, असं बहुतेक डब्यांवर सापडेल. म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही रोज थोडं थोडं जात असेल. तांदळाचं पीठ वापरलेला हिंग मिळतो, तो आणा. दुसरी गिरणी. गव्हाचं दळण उतरलं की त्याच जात्यात ज्वारी पडते आणि आधीचं अडकलेलं पीठ तुमच्या डब्यात येतं. दहा महिने तुम्ही मनापासून भाकऱ्या थापल्यात आणि त्यातच गहू होता, असं असू शकतं. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. लगेच जमत नसेल तर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं पीठ आणा. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. दुधात घालायच्या पावडरीही बघा. 'माल्ट' लिहिलं असेल तर ते बहुधा जवाचं असतं, आणि जवातही ग्लुटेन असतं, म्हणून तेही त्याला वर्ज्य.

सहलीला पाठवा. नक्की पाठवा. घरी ठेवलंत तर आजारानं त्याची सहल हिरावली, एवढंच त्याच्या लक्षात राहील. बाईंना आधी भेटा आणि अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: भात, दही, केळी, उकडलेली अंडी चालतील; पोळी, पाव, बिस्किटं, शिरा, उपमा, शेवया नाहीत, आणि भजी-वडेसुद्धा नाहीत, कारण हॉटेलातल्या त्याच तेलात पुऱ्या आणि सामोसे तळलेले असतात. बाकीची शिदोरी घरून. तुमच्याकडची कडक भाकरी आठवडाभर टिकते. ती सासूबाईंना करायला सांगा. त्यांच्या हातासारखी पातळ भाकरी तुम्हाला जमत नसेल, असं मी धरून चालते. सोबत शेंगांची चटणी आणि सगळ्या वर्गाला पुरतील इतके राजगिऱ्याचे लाडू द्या, म्हणजे एकदा तरी वाटणारा तो असेल.

लेकीचा रिपोर्ट आला की कळवा.