धडधड उतरू दे

प्रिय डॉक्टर,

तू लिहिलंस, छातीत धडधडतं म्हणून आलेल्या पेशंटचा ईसीजी नॉर्मल, तरी तो गोळीशिवाय उठत नाही आणि न दिली तर समोरच्या दवाखान्यात जातो, हे वाचून तुझी काळजी वाटली. तिथे अल्प्राझोलाम (घबराट लगेच शमवणारी, सवय लावणारी गोळी) सुरू झाली की काही आठवड्यांतच ती सुटता सुटत नाही.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, चहा-कॉफी, दारू, दम्याचा पंप हे सगळं आधी बघून घे. जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची यादी भरून घे. २१ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर दुर्लक्ष करू नकोस. १५ किंवा जास्त आले, किंवा जीव द्यायचे विचार असले (हे थेट विचारून घे, आडवळणाने नको), तर सायकियाट्रिस्टकडे पाठव आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दे.

बाकीच्यांना एकच गोष्ट शिकव: धडधड आपोआप उतरते. सांगून पटत नाही, अनुभवू दे. पॅनिक, म्हणजे घबराटीचा झटका, साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग ओसरतं. त्याआधीच गोळी घेतली, पळ काढला किंवा बायकोला फोन लावला, की वाचल्याचं श्रेय त्या उपायालाच जातं आणि भीती आणखी पक्की होते. लक्षणं तीच असताना काढलेला तुझा तिसरा ईसीजीसुद्धा हेच करतो!

'खोल श्वास घ्या' म्हणू नकोस. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि त्याला तो हार्ट अटॅक वाटतो. नाकाने ४ मोजत हलकेच आत, ६ मोजत बाहेर, हात पोटावर. दिवसातून दोनदा ५ मिनिटं, तेही बरं वाटत असताना. झटका दाबायला वापरला तर श्वासही गोळीच होतो. धडधड उतरू दे.

लोकलची भीती असेल तर पायऱ्या तूच लिहून दे. दुपारी डोंबिवलीच्या फलाटावर २० मिनिटं, मग स्लो लोकलने कोपर, मग दिवा, मग ठाणे, गर्दीची वेळ शेवटी. दर वेळी भीती ० ते १० मध्ये वहीत लिहायची. तीच पायरी रोज, आकडा निम्म्यावर आला की पुढची. इतकं करूनही अडलं तर खिसा तपास, तिथे 'वेळेला असावी' म्हणून गोळी सापडेल. सोबत भाऊ येत असेल तर त्याच्याशिवाय जाणं ही वेगळी पायरी धर.

मला औषधांचा विरोधक म्हणतात. साफ चूक. एसएसआरआय (चिंता-नैराश्यावरची रोज घ्यायची गोळी) लागते तिथे द्यायचीच. आणि रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याची ती एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते, हळूहळू उतरव. पण ओपीडीत वेळ नाही हे कारण मला देऊ नकोस. पहिल्यांदा १५ मिनिटं, नंतर १०. उठताना त्याच्या हातात वही आणि पुढच्या आठवड्याची तारीख असलीच पाहिजे, आणि त्या दिवशी आधी वही बघ, मग बीपी.